दादांच्या मांडीवर आईचे पाय

आमच्या दादांनी जिंदगीत कुणाच्या पायाला हात लावला नाही.

दादा म्हणजे माझे वडील. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते सरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून चिकटले. मोठे साहेब बदलून निघाले की अख्खा स्टाफ पाया पडायचा. दादा ताठ उभे. हात जोडून "जय भीम साहेब" म्हणायचे आणि जागेवर येऊन फाईल उघडायचे.

माझ्या लग्नात निघताना मी त्यांच्या पायाशी वाकले, तर खांद्याला धरून उभं केलं.
"आपल्या लोकांनी लई पिढ्या वाकून काढल्यात. तू न्हाई वाकायचं, बाई."

मग आईला कॅन्सर झाला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच दुष्काळात.

तिसऱ्या केमोनंतर तिच्या तळपायांची नुसती आग आग. मुंग्या. चपलेत पाय घालवेना.

चौथ्या केमोच्या आधी तिनं जाहीर करून टाकलं, "मी न्हाई जाणार. मरू द्या सुखानं."

डॉक्टर म्हणाल्या होत्या, सहाच्या सहा व्हायलाच पाहिजेत. मी नांदेडहून फोनवर ओरडले, रडले, शपथा घातल्या. आई ढिम्म.

दादांनी एवढंच विचारलं, "तुला काय पायजे?"

"माझी माय काशाच्या वाटीनं तळपाय घासायची. लई बरं वाटायचं."

मी पडले विज्ञानाची शिक्षिका. भडकलेच. म्हटलं, दादा, वाटीनं म्हणे अंगातली उष्णता निघते! जन्मभर आम्हाला अंधश्रद्धेवर लेक्चर दिलं तुम्ही!

"उष्णता-बिष्णता मला ठावं न्हाई. तिला बरं वाटतंय का, एवढं बघायचंय."

तरी दादा डॉक्टरांना विचारून आलेच. त्या म्हणाल्या, खुशाल करा, हलक्या हातानं. कातडी फुटली असेल तिथं नको. "पण काका, यानं कॅन्सर जात नाही. केमो चुकवायची नाही. ही फक्त सोसायला मदत."

शनिवारी मी घरी गेले. दार लोटलेलं होतं.

आत दादा फरशीवर बसलेले. पाण्याचा ग्लास कधी हातानं न घेतलेला माणूस! मांडीवर आईचे पाय, हातात खोबरेल लावलेली काशाची वाटी.

आई पदरात तोंड घालून रडत होती. "आवं सोडा. पाप लागंल मला."

"साहेबाचे पाय हायत का हे? गप पड."

काशानं घासून घासून तळपाय काळेकुट्ट व्हायचे. नळाला दहा-दहा दिवस पाणी नाही. मग एका तांब्यात फडकं भिजवून दादा बोटाबोटातून पुसून काढायचे.

रोज संध्याकाळी साडेसहा. खाडा नाही.

आग काही पूर्ण गेली नाही. पण आई साडेसहाची वाट बघायला लागली. चौथ्या केमोला गेली. पाचव्याला. सहाव्यालासुद्धा.

आई आहे. आमच्यात आहे, माझ्या मुलांना दम देते.

गेले ते दादा. दुपारी जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. ना दुखणं, ना खुपणं. आम्हाला काही करूच दिलं नाही हो त्यांनी.

त्यांना न्यायच्या आधी मला राहवलं नाही. पायावर डोकं ठेवायला वाकले.

आईनं खांद्याला धरून मला उभं केलं.
"त्यांना चालत न्हाई, बाई."

आता ती वाटी नांदेडला माझ्या घरी आहे. साडेसहा वाजले की आई भिंतीला टेकून पाय लांब करते. मी घासते.

"तुझा हात जड हाय गं," ती म्हणते.

मी म्हणते, मग दादा कसं करायचे, दाखव ना.

ती दाराकडं बघत बसते.

दादा, मी नाही वाकले तुमच्यापुढं. पण लई आठवण येते हो. घरात साडेसहा वाजले की फारच.

जय भीम, दादा.