हाताला कळलेलं इंजिन

माझा दादा सोलापुरात एका कापडगिरणीच्या मागखात्यात फिटर होता. शाळा सुटली तशी त्याला गिरणी लागली आणि तिशी यायच्या आत त्याचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी सायकलची घंटी ऐकू येईना, मग आईची हाक. घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आमच्या चाळीत सगळेच ओरडून बोलायचे. वडीलही त्याच गिरणीतले. ते म्हणायचे, "मागावरच्या माणसाला कमी ऐकू येतंच की. त्यात काय एवढं?"

मागांच्या खडखडाटात माणसं समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. दादालाही ते जमायचं. त्यामुळे तोंडासमोर उभं राहून बोललं की तो नीट उत्तर द्यायचा, आणि बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही.

या दादाला स्वतःची मोटार बांधायची होती. रद्दीत सापडलेल्या एका परदेशी मासिकात त्यानं ती पाहिली होती: ठेंगणी, दोन माणसांची, वर टप नसलेली. चाळीमागच्या मोकळ्या जागेत त्यानं लोखंडी पाइपांचा सांगाडा जोडला, तेलाच्या पिंपांचा पत्रा ठोकून तिला अंग दिलं. सुट्टीच्या दिवशी आख्खी चाळ तिथं बघायला जमायची. मी तेव्हा कॉलेजात होते. पाना दे, पकड धर, एवढी मदत मी करायची.

राहिलं होतं फक्त इंजिन. दादाच्या मनात पहिल्यापासून चार सिलिंडरचं होतं. कान शाबूत होते तेव्हा तो स्टँडवर उभा राहून नुसत्या आवाजावरून एसटीचा बिघाड सांगायचा. "चांगलं इंजिन ओरडत न्हाय," म्हणायचा, "गुणगुणतं."

विजापूर वेशीत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे एक चाचा होते. त्यांनी दादासाठी दोन इंजिनं बाजूला काढून ठेवली. दादा मला म्हणाला, "तूबी चल. चाचांच्या मिशांत त्यांचं तोंडच दिसत न्हाय. काय बोलतेत मला कळंना झालंय."

पहिलं इंजिन एका अपघातात सापडलेल्या लहान मोटारीचं होतं. चार सिलिंडरचं. चाचांनी ते लाकडी घोडीवर बसवलं होतं. चालू झालं आणि खरोखर गुणगुणायला लागलं. दादानं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"कसं वाजतंय?"

"लई गोड," मी म्हणाले.

त्यानं इंजिनावर तळहात ठेवला. मग दुसराही ठेवला. चाचांना खूण केली, वाढवा. चाचांनी वेग वाढवला, मी कानांवर हात घेतले. दादाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बारीक थरथरतंय. दुसरं काय न्हाय."

दुसरं इंजिन मोटरसायकलचं, एका सिलिंडरचं. चाचांनी किक मारली तशी घोडी हादरली, फळीवरचे नटबोल्ट नाचायला लागले. दादानं त्याला हात लावला आणि त्याचा चेहरा उजळला. किती तरी महिन्यांनी मी त्याला असं बघत होते. त्यानं चप्पल काढली, अनवाणी पाय जमिनीवर टेकवले.

"हेच," तो म्हणाला.

चाचा चक्रावले. "बेटा, ये हिलताय बहोत. पूरी गाडी हिला डालेगा. रिव्हर्स बी नइं इसमें." मी ते सगळं ओठांनी दादाला सांगितलं.

"मागं घ्यायची वेळ आली तर उतरून ढकलीन."

"पण दादा, तुला तर चार सिलिंडरचं पायजे होतं."

"ते कान होते तवा," दादा म्हणाला. "हे बंद पडलं तर मला कळंल तरी."

आपले कान गेलेत, असं तो तोंडानं पहिल्यांदाच बोलला होता. चाचांनी इंजिन बंद केलं. नंतर त्यांनी भावाची घासाघीस केली नाही. मिशा वर सारून, त्याच्यासमोर उभं राहून, एकेक शब्द सावकाश बोलत राहिले.

घरी वडील म्हणाले, "मोटारीला फटफटीचं इंजिन? लोकं हसतील की रे."

"मला कुटं ऐकू येतंय हसलेलं?"

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून वडील मागच्या जागेत आले आणि दादाबरोबर रिव्हेट ठोकत बसले.

गाडी चालली. परवाना मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून शहरात नेली नाही. चाळ गावाच्या कडेला होती, तिथून होटगीच्या अंगाला एक कच्चा रस्ता जायचा. सकाळी आम्ही दोघं त्यावर जायचो. मागून गाडी आली की मी त्याच्या गुडघ्यावर थाप मारायची, तो बाजूला घ्यायचा. हाडं खिळखिळी व्हायची. दादा मोठ्यानं हसायचा, आणि किती मोठ्यानं ते त्याला कळायचं नाही.

मग माझं लग्न झालं. नवरा रेल्वेत, केम स्टेशनला. दिवाळीला माहेरी आले तेव्हा गाडी जागेवर होती, आणि इंजिनाची जागा रिकामी.

आईनं सांगितलं. दादा एकटाच गाडी घेऊन गेला होता. मागून मालट्रक आला, हॉर्न देत राहिला. दादा रस्त्याच्या मधोमध. शेवटी ट्रक शेतात घुसला. कुणाला लागलं नाही, पण ड्रायव्हर खाली उतरून थरथरत बोलत सुटला, आणि त्याच्या ओठांवरचा प्रत्येक शब्द दादाला कळला.

मी मागच्या जागेत गेले. दादा पत्र्यावरची धूळ पुसत होता.

"विकलंस?"

"चाचांना देऊन टाकलं."

"मी आलेय की आता. परत आण. जाऊ या आपण."

"तू आठ दिवसांची पाहुणी," तो म्हणाला. "तू गेलीस की ते इंजिन मला रोज चल म्हणंल. आन् मी जाईन."

मला रडू आलं. त्यानं हातातलं फडकं माझ्या हातात दिलं, ते किती मळलंय हे बघून परत घेतलं आणि सदऱ्याची बाही पुढं केली.

"रडू नको. बसलो की आपण तिच्यात."

पाळीची वेळ झाली होती. त्यानं हात धुतले, खुंटीवरचा डबा घेतला आणि तो गिरणीत गेला.