एकोणिसाव्या प्रश्नाबद्दल माझं मत

आमच्या घरी सरकारी पाकीट आलं की नवरा ते उघडण्याआधी हात धुतो. बॉनपासून अर्ध्या तासावरच्या या छोट्या शहरात आम्ही सतरा वर्षं राहतोय. तो गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर आहे, ताशी दोनशेच्या वेगाला घाबरत नाही. खिडकीवाल्या पाकिटासमोर मात्र त्याचा आवाज बसतो.

त्या उन्हाळ्यातलं पाकीट तर चांगलंच जाडजूड होतं. राटहाउसकडून, म्हणजे आमच्या नगरपालिकेकडून आलेलं. आत वर एक पत्र आणि त्याखाली बारा पानांची प्रश्नावली: परदेशातून आलेल्या कुटुंबांकडून ऐच्छिक माहिती. घरात सध्या कोण कोण आहे, भाषा कोणती बोलता, अडचण आली की कोणाकडे जाता, रोजच्या कामात कोणाला मदत लागते.

"ऐच्छिक आहे ना, मग राहू दे की," मी म्हटलं.

नवरा हसला, तेही कीव आल्यासारखा. "चाकणच्या कारखान्यात दर शनिवारी ऐच्छिक श्रमदान असायचं. त्याची हजेरी लागायची."

शिवाय आमची नागरिकत्वाची फाइल त्याच राटहाउसच्या दुसऱ्या मजल्यावर अकरा महिने पडून होती. मग काय, वरचं पत्र बाजूला सारून त्याने निळ्या पेनाने बाराही पानं भरली, सगळ्यांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स जोडल्या, एक प्रत घरी ठेवून गठ्ठा पाठवून दिला आणि इथल्या चौदा मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर फर्मान सोडलं: "गुरुवारपर्यंत भरून टाका." मी कडाडून विरोध केला, असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. पण स्टेपलर माझ्याच हातात होता.

सासूबाई तेव्हा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. वय शहात्तर, निवृत्त गणिताच्या बाई. एका दुपारी चहाबरोबर करमणूक म्हणून मी त्यांना आमच्या प्रतीचं जाहीर वाचन करून दाखवायला घेतलं. सरकारी आवाज, नाकावर चष्मा, सगळं साग्रसंगीत. अठराव्या प्रश्नापर्यंत त्या मनापासून हसत होत्या.

"'प्रश्न एकोणीस. घरात कोणाला रोजच्या कामात मदत लागते?' उत्तर: 'आईला. जिने, आंघोळ, औषधं, बाहेर जाणं.'"

कप बशीत ठेवला गेला.

"हे कोणी लिहिलं?"

"तुमच्या चिरंजीवांनी."

"आंघोळ?" त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा, हळू: "आंघोळ?"

या बाई रोज सकाळी एकट्या तीन मजले उतरायच्या, बेकरीत जायच्या आणि जर्मनचा एकही शब्द न वापरता, नुसत्या बोटाने, हवा तोच पाव घेऊन यायच्या.

संध्याकाळी चिरंजीवांची उलटतपासणी झाली.

"अगं आई, नुसता फॉर्म आहे तो. अशा ठिकाणी मदत जरा जास्तच लिहिलेली बरी."

"मग स्वतःचं नाव लिहायचंस. तुला मोजे सापडत नाहीत. परत आण तो कागद."

"आई, आमची फाइल वरच्याच मजल्यावर आहे. आत्ता कोणाच्या नजरेत यायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "तू तरी सांग हिला."

एरवी मी नवऱ्याला नावाने हाक मारते. 'अहो' मी खास प्रसंगांसाठी राखून ठेवलंय.

"अहो," मी म्हटलं, "उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय आम्ही."

राटहाउसमधल्या बाईंनी आमचं आडनाव ऐकलं आणि कपाटातून एक फुगलेली ऑर्डनर, म्हणजे कागदांची जाड फाइल, काढली. "तुम्हीसुद्धा?" त्या जरा थकल्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी आमच्यासमोर ते वरचं पत्र ठेवलं, जे चौदांपैकी एकाही घरात कोणी वाचलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की हा नुसता मसुदा आहे, माहिती गोळा करणं अजून सुरूच झालेलं नाही. त्याआधी नागरिकांनी कळवावं, प्रश्न बरोबर आहेत का, कुठला अनावश्यक आहे का, कुठला जाचक वाटतो का.

"आम्ही प्रश्नांवर मत मागितलं होतं," बाई म्हणाल्या. "चौदा कुटुंबांनी उत्तरं पाठवली. पासपोर्टसकट. मत एकाचंही नाही."

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"म्हणजे प्रश्नपत्रिका तपासायला दिली होती, आणि तुम्ही ती सोडवून आलात?"

आमची पानं नष्ट करायला बाई लगेच तयार झाल्या. "माझ्यासमोर," सासूबाई म्हणाल्या. मशीन घरघरलं. एकोणिसावा प्रश्न असलेलं पान त्यांनी स्वतःच्या हाताने आत सोडलं.

"मत द्यायला अजून चार दिवस आहेत," बाई म्हणाल्या. "पण ते इथल्या रहिवाशांनी द्यायचं. या पाहुण्या आहेत ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. मी रहिवासी आहे," मी म्हटलं आणि कोरा कागद ओढला.

सासूबाई सांगत गेल्या, मी जर्मनमध्ये उतरवत गेले. एकोणिसावा प्रश्न दुसऱ्याच्या वतीने विचारू नये. जिला मदत लागते असं वाटतं, तिलाच विचारा. पुढचं मात्र माझं मीच लिहिलं: पहिल्या पानावर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत आणि आम्हा सगळ्यांच्या भाषांत लिहा की कोरं ठेवलं तरी कोणाच्या कुठल्याही फाइलला धक्का लागणार नाही. तसं लिहिता येत नसेल, तर 'ऐच्छिक' हा शब्द काढून टाका.

खाली नावाची ओळ होती. पेन थांबलं. डोक्यावर बरोबर दुसरा मजला होता. बाई समजूतदार होत्या. "नाव नाही लिहिलंत तरी चालतं," त्या म्हणाल्या.

ज्या भीतीने बारा पानं भरली गेली होती, ती आता माझ्या मनगटात येऊन बसली होती. तिला सतरा वर्षं पोसलं होतं, आता पुरे. मी नाव लिहिलं. स्वच्छ, ठळक, ओळीबाहेर जाईल इतकं.

नवरा घरी आला तो दारातूनच विचारत. "मत वगैरे दिलं नाहीस ना? दिलं असशील तर निदान नाव तरी..."

"पूर्ण लिहिलंय हो," मी म्हटलं. "तुमच्या आडनावासकट."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "स्पेलिंग मी तपासलंय."