एडक्याला दोन हात लागतात

पोहणाऱ्याला घाम येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी बारावीच्या वर्गात मागच्या बाकावर दैवशालाशेजारी एक दिवस बसून बघावं. साडेअकराचा तास सुरू झाला की तिचं डोकं हळूहळू वहीवर यायचं. केस ओले, कानामागं क्लोरीनचा वास आणि डोळ्यांभोवती चष्म्याच्या रबरानं पडलेली दोन वर्तुळं. शिकवणाऱ्या मॅडम आधी रागावल्या, मग त्यांनी नाद सोडला. हजेरीपुरतं शेजारच्या मनिषानं कोपरानं ढोसायचं आणि हिनं डोळे न उघडता हजर म्हणायचं, अशी व्यवस्था ठरून गेली होती.

दिवस चारला सुरू व्हायचा. गाव पिंगळी स्टेशनापासून दोन किलोमीटर आत. आजोबा रायभान तिच्या आधी उठून चुलीवर पाणी ठेवायचे आणि दारातून एवढंच म्हणायचे, "पाणी तापलंय." तेवढ्यावर उठायचं. मग आजोबांच्या बॅटरीच्या उजेडात स्टेशनापर्यंत पायी, पहाटेच्या पॅसेंजरनं परभणी, तलावात दोन तास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा तलावात दीड तास आणि परतीची गाडी. पिंगळीला उतरावं तर आजोबा बाकावर बसलेलेच. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, नातीपायी रोज आठ किलोमीटर चालायचा आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, पायाला तेवढंच वळण.

असं पाच वर्षं चाललं होतं. पदक गळ्यात पडलं की लोक पदक बघतात. त्यामागं किती झोप गेली ते कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी दाखवणार काय?

दैवशालाचं घर मेंढरांचं. बाप मल्हार आणि आई केवळाबाई दिवाळी झाली की दीडशे मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परतायचे. सोबत चुलता अमृत असायचा. घरी मागं राहायचे आजोबा आणि नात. पोहायला तिला आजोबांनीच शिकवलं, पण हौसेखातर नव्हे, कामासाठी. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, नाहीतर मातीनं कात्रीची धार जाते. गावाशेजारी ओढ्यावर दगडी बंधारा आहे. त्याच्या डोहात एकेक मेंढी उतरवायची आणि तिला पोहवत बंधाऱ्यापर्यंत न्यायची. मेंढीला पोहता येतं, पण लोकर भिजली की ती जड होते आणि तोंड पाण्यात घालते. म्हणून उजवा हात तिच्या हनुवटीखाली, डाव्यानं पाणी कापायचं आणि बंधारा आला की डाव्यानंच दगड धरायचा. उजवा सोडायचा नाही. उजवा सोडला की मेंढी गेली. दैवशाला हे आठव्या वर्षापासून करत होती.

सातवीत असताना शाळेनं तिला स्पर्धेला नेलं, कारण शाळेत दुसऱ्या कुणाला पोहताच येत नव्हतं. तिथं ती बदकासारखी मान वर काढून पोहली आणि सगळ्यात शेवटी पोचली. पोरं हसली. तलावावर मुलांना तयार करणारे बन्सीधर सर मात्र हसले नाहीत. ते तिच्या पायांकडं बघत होते. बोलायला कंजूष आणि ओरडायला उदार असा हा माणूस दुसऱ्या रविवारी गावात आला, आजोबांच्या बाजेवर बसला आणि म्हणाला की पोरीचे पाय बेडकाचे आहेत, मान तेवढी मला खाली घालू द्या. बेडकासारखं पोहण्याच्या त्या प्रकाराला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात, हे घराला त्या दिवशी कळलं.

मान खाली घालायलाच एक वर्ष गेलं. ज्या पोरीला मेंढीवर नजर ठेवायची सवय, तिला पाण्यात तोंड घालणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं वाटायचं. मग श्वास, मग हातापायांचा मेळ, मग नुसती अंतरं. दोनशे मीटरला साडेचार मिनिटं लागायची, ती घासत घासत सव्वातीनवर आली. तीन वर्षं जिल्ह्यात पहिली. आणि गेल्या साली विभागाच्या स्पर्धेत तिनं सगळ्यांच्या आधी, चांगली अंगभर पुढं राहून, भिंत गाठली.

पण तिच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या पंचानं हात वर केला. बाद. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात आणि हिचा डावा हात आधी लागला होता. तो का, हे सरांना नंतर कळलं. त्यांनी तिची दोन्ही मनगटं चिंधीनं बांधून हजारदा भिंत शिवायला लावली. ताजी असली की दोन्ही हात बरोबर जायचे. पण थकून चूर झाली की शेवटच्या चार हातांत उजवा आपला मागं राहायचा, मेंढीची हनुवटी शोधत. जित्याची खोड, सर म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत.

यंदा शालेय स्पर्धांचं शेवटचं वर्ष. विभागात पहिली येईल ती राज्यावर, आणि राज्यावर जाणाऱ्या मुलीला शहरातल्या वसतिगृहात ठेवून पुढं तयार करायचं सरांनी कबूल केलं होतं. त्यात दसऱ्याला अमृतकाकानं पुण्याकडं वॉचमनची नोकरी धरली. आता मेंढरांमागं माणूस कमी पडत होता. कळपापुढं एक, कळपामागं एक आणि बिऱ्हाडाला एक, तीन माणसांशिवाय हा धंदा होत नाही. मल्हार वाईट बाप नव्हता, थकलेला होता. तो लेकीला म्हणाला, पहिली आलीस तर तुझी तू मोकळी. न्हाई आलीस तर औंदा मेंढरामागं चल, बारावीचं पुढं बघू.

"अन् मी पहिली आले तर मेंढरामागं कोण?" तिनं विचारलं.

"मी हाय की," बाजेवरून रायभान म्हणाले. "मेले न्हाईत माजे पाय."

केवळाबाईनं भाकरीवर पाण्याचा हात जरा जास्तच वेळ फिरवला. दैवशालाला मात्र त्या दिवसापासून एकच हिशोब छळायला लागला. ती हरली तर तिचं पोहणं संपलं, आणि ती जिंकली तर ते दोन कुरकुरणारे गुडघे आठ महिने रानोमाळ चालणार. इकडे आड, तिकडे विहीर. ती कुणाशी बोलली नाही. बोलायला तरी अंगात त्राण कुठं होतं?

स्पर्धेला चार दिवस असताना मेंढरं धुवायची वेळ आली. दरसाल डोहात मल्हार आणि तिच्याबरोबर अमृतही असायचा, यंदा नव्हता. मल्हार एकटा पाण्यात दीडशे मेंढरं कशी नेणार? सरांनी आधीच बजावलं होतं की ओढ्याकडं फिरकलीस तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल. पण सकाळी रायभान धोतर खोचून पाण्याकडं निघालेले तिनं पाहिले आणि ती त्यांच्या पुढं होऊन डोहात उतरली.

दिवसभर ती पाण्यात होती. उजवा हनुवटीखाली, डावा पाण्यात, डावा दगडाला. तीस झाली, पन्नास झाली. जी सवय सरांनी वर्षभर खरवडून काढली होती ती दुपारपर्यंत परत अंगात येऊन बसली, हे तिला कळत होतं आणि तिला त्याचं रडू येत होतं. पण मेंढीच्या जिवाशी कुठं नियम शिकवता येतात? सत्तरच्या पुढं तिनं मोजणं सोडलं.

एडका, कळपातला मोठा नर, नेहमी शेवटी. दोन मेंढ्यांच्या वजनाचा, वळलेल्या शिंगांचा, पाण्यावर खार खाऊन असलेला. त्याला कायम रायभानच न्यायचे. ते उठले, तशी ती पाण्यातूनच म्हणाली, "आबा, येडका मी घेते."

म्हातारा बंधाऱ्यावर तसाच उभा राहिला. मग खाली बसला.

"यका हातानं धरू नको त्येला," तो म्हणाला. "त्योच तुला घिऊन जाईल. दोनी हात शिंगाला घाल. हातानं पवायचंच न्हाई, पायानं पाणी मार. अन् दोनी हात दगडाला टेकस्तोवर सोडू नको. माणूस थकल्यावर येडका येतो बाई, म्हून तर त्येला दोन हात लागतेत."

तिनं शिंगं धरली. एडक्यानं तिला एकदा खाली नेलं, नाकातोंडात पाणी गेलं. मग तिचे पाय चालायला लागले. एडका पुढं आणि ती मागं, दोन्ही हात ताठ. बंधाऱ्याच्या दगडावर एडक्याची शिंगं आणि तिच्या दोन्ही मुठी एकदमच आदळल्या. बोटांची सालटं गेली. काठावर येऊन ती चिखलातच आडवी झाली आणि कितीतरी वेळ कुणी तिला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिची बोटं पाहिली. तिनं खरं ते सांगितलं. सर ओरडले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. त्यांनी फक्त विचारलं, "हात कसे आहेत?"

"भरून आलेत, सर."

"मग आता पाण्यात उतरू नकोस. झोप."

ती दोन दिवस झोपली. तरी स्पर्धेच्या दिवशी खांदे दगडासारखे होते. मोठ्या शहरातला मोठा तलाव, पन्नास मीटरचा, चार फेऱ्या. पहिल्या फेरीत ती तिसरी, दुसरीत दुसरी. भिंतींना दोन्ही हात लागले, वळली. तिसऱ्या फेरीनंतर खांदे जवळजवळ संपलेच. चौथ्या फेरीच्या मध्यावर शेजारच्या पट्ट्यातली मुलगी तिच्या बरोबरीला होती, आणि उजवा हात मागं रेंगाळायला लागला होता.

आणि तेव्हाच तिच्या मनात ते आलं. नुसता डावा लावायचा. कुणी दोष देणार नाही. सर म्हणतील जित्याची खोड, बाप म्हणेल नशीब, आणि आबा घरी राहतील, बाजेवर, चुलीजवळ. चार वाजता उठणं नको, पॅसेंजर नको, आणि हे भरून आलेले हातही नकोत. ती इतकी थकली होती की ते मोहाचं वाटलंच नाही, विसाव्याचं वाटलं. खरं सांगायचं तर पुढचे दोन हात मारेपर्यंत तिनं तसंच करायचं ठरवलं होतं.

मग तिला दिसला बंधाऱ्यावर उभा राहिलेला, धोतर खोचलेला म्हातारा. त्याला माहीत होतं. ती जिंकली तर आपल्याला चालायचंय हे माहीत असूनच त्यानं तिला एडका कसा धरायचा ते सांगितलं होतं. तिनं पुढं शिंगं आहेत असं धरलं, हात नियमापुरते, दोन्ही बरोबर फिरवले आणि सगळा जोर पायांवर टाकला; शेवटाला दोन्ही हात ताठ केले. मुठी भिंतीवर आदळल्या. बोटांच्या खपल्या निघाल्या.

वर बघायचं धाडस होईना. पंच वाकला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि सरळ उभा राहिला. त्याचा हात खालीच होता.

वेळ गेल्या सालापेक्षा चार सेकंद जास्त. पण पहिली. सर काठावर आले, तिला वर ओढून काढलं, आणि इतकी वर्षं ओरडण्यात घालवलेला तो माणूस पाठ फिरवून उगाच घड्याळ पुसत बसला. तिनं घरी फोन लावला. मल्हारनं उचलला. पहिली आले, तिनं सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "मंग मी आबाच्या जोड्याला तेल लावून ठिवतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पिंगळीला उतरली, तेव्हा फाटकाच्या पलीकडं मेंढरं रस्त्याला लागलेली दिसली. पुढं मल्हार, मधे घोडीवर बिऱ्हाड आणि केवळाबाई, सगळ्यात मागं काठी टेकत रायभान. ती पाठीवरच्या पिशवीसकट पळत गेली. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. बाप नुसता हसला. आजोबांच्या चालीला चाल लावून ती कॅनॉलपर्यंत गेली. वाटेत म्हाताऱ्यानं एकच विचारलं, शेवटाला येडका धरला का? तिनं सोललेल्या दोन्ही मुठी पुढं केल्या. त्या बघून तो म्हणाला, "आता फिर माघारी. झोप जरा. उंद्या गाडी हाय."

ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली. मेंढरं थांबत नाहीत, त्यामुळं म्हाताऱ्यालाही थांबता आलं नाही. डावा गुडघा धरून तो कॅनॉलचा चढ चढला आणि पलीकडं उतरला.

वसतिगृहात जायला अजून आठवडा होता. घरी येऊन ती आजोबांच्या बाजेवर पडली ती दिवस मावळला तरी उठली नाही. जाग आली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. सवयीनं ती डोळे मिटूनच पडून राहिली, दारातून हाक येईल म्हणून. मग तिला आठवलं. चुलीवर पाणी नव्हतं. तिनं रांजणातलं गारच पाणी अंगावर घेतलं, पिशवी उचलली आणि स्टेशनाची वाट धरली.