दादाचे पाने

आजही कुणी ‘ती गाडी तुझ्या भावाने जमवली’ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जमवली म्हणे!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मसोलीजवळ आमची चिकूची वाडी, आणि वाडीच्या शेडमध्ये बाबांची लाल, दोन सीटची, उघडी स्पोर्ट्‌स कार. माझ्यापेक्षा वयाने मोठी. तलासरीजवळ हायवेवर तिच्या इंजिनाचं हेड गॅस्केट उडालं. तिथल्या ट्रकवाल्या गुजराती मिस्त्रीने हेड काढलं, मान हलवली. मी ते उचलायला गेले तर म्हणतो, “बेन, रहेवा दो, आ तमारूं काम नथी.” बाबांनी ठरवलं, दसऱ्यानंतर आठवडाभरात चालू झाली तर ठीक, नाहीतर विकायची, मुंबईचा माणूस घेऊन जाईल. मी म्हटलं, मी करते. बाबा हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

वाकलेलं हेड गुजरातेतल्या लेथवाल्याकडून सपाट करून आणलं. आठही व्हॉल्व पेस्ट लावून एकेकाच्या जागेवर हाताने घासले. जो जिथे घासला तो तिथेच बसतो, दुसरीकडे गळतो. म्हणून चिकूच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून ओळीत खोचले. दादा तेव्हा क्रिकेट खेळत होता.

खंडेनवमीला माझी पाळी आली. म्हणजे चार दिवस मागच्या पडवीत. घरात अवजारांची पूजा: कोयते, चिकू उतरवायचे झेले, माझे नट-बोल्टचे पाने. आणि दादासाहेबांनी काय करावं? माझे व्हॉल्व पुठ्ठ्यातून काढले, चिंचेने घासून लखलखीत केले आणि मोठे एकीकडे, छोटे एकीकडे अशी छान आरास मांडली! मी पडवीतून ओरडले, “अरे, नंबर! नंबर बघ!” आई म्हणाली, “पूजेत ओरडू नकोस, आणि तिथेच थांब.”

दसऱ्याला दादाने हाताला येतील तसे व्हॉल्व बसवून हेड चढवलं. गाडीला हार घातला. गाडी खोकली, फुसफुसली आणि बंद पडली. बाबा म्हणाले, “मुलीच्या हाताला यश नाही.” अहो, माझा हात लागलाच कुठे होता त्या दिवशी!

पाचव्या दिवशी न्हाले आणि थेट शेडमध्ये गेले. हेड उतरवलं, आठही व्हॉल्व पुन्हा घासले. तळहाताला फोड आले. रॉकेल ओतून पाहिलं, थेंब गळला नाही. तांब्याचं गॅस्केट तापवून परत बसवलं. दुसऱ्या संध्याकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली आणि मी शेडमध्ये एकटीच रडले.

मुंबईचा माणूस आला. बाबांनी ऐटीत गाडी सुरू करून दाखवली, दादाच्या खांद्यावर हात ठेवला. “विकायची नाही आता. मुलाने जमवली.”

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, नखांत काळी पेस्ट. ट्रे सरळ बॉनेटवर आदळला. “दादा, व्हॉल्वची गॅप किती ठेवलीस रे? सांग की पाहुण्यांना.”

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी ट्रे उचलला, रंगाला ओरखडा तर नाही ना पाहिलं आणि म्हणाले, “चहा थंड होतोय.”

पुढच्या खंडेनवमीला बाबांनी पूजेसाठी माझे पाने मागितले. ते ठेवलेल्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती.

“दादाचे मांडा,” म्हटलं.