बाहेर नवतपा, आत हिवाळा

उमरेडला एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पंगतीत मी विनायकची नक्कल करत होतो. मान तिरपी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंधाऱ्या खोलीच्या दाराशी, आत उजेड जाऊ नये म्हणून, दोन्ही हात पसरून उभा. पंगत हसत होती, मीही स्वतःवर खूश होतो, आणि फोन वाजला. विनायकच्या शेजारणीचा. सर आज उठलेच नाहीत, म्हणाली... त्याला आता महिना होत आला. ती नक्कल मी पुन्हा केलेली नाही.

विनायक माझा शाळेपासूनचा मित्र. मी लकडगंजात लाकडाचा व्यापारी झालो, तो कॉलेजात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. सुलभावहिनी गेल्या, तो निवृत्त झाला, आणि घरातल्या दोन खोल्यांत त्याने हॅमस्टर पाळले, म्हणजे उंदराचे गुबगुबीत चुलतभाऊ. दोन्हीकडे दाणे तेच, कूलरचा गारवा तोच. फरक फक्त दिव्याचा. एका खोलीत दिवस लांब, दुसरीत काळे पडदे लावून आखूड. काही आठवड्यांत आखूड दिवसवाले चरबीने टम्म झाले. मला वाटलं, हा त्यांना चोरून शेंगदाणे चारतो. तर म्हणाला, रात्र लांबली की मेंदूतली एक चिमुकली ग्रंथी मेलाटोनिन जास्त वेळ सोडत राहते. त्यावरून शरीर ओळखतं की हिवाळा आला, आता साठवा. बाहेर नवतपा, मे अखेरचे ते नऊ आगीचे दिवस, पेटलेला आणि पडद्याआड यांची थंडीची तयारी! मी लगेच माझ्या पोटाचा दोष दुकानातल्या अंधारावर ढकलला.

“तुह्या पोटाले आलूबोंडे लागू आहेत गा,” तो म्हणाला, “दिवसरात्र नाही.”

रोज दुपारी तो माझ्या दुकानातल्या बैठकीला यायचा. पण गोष्ट ऐन रंगात आली की ऊन उतरायच्या आत उठायचा, कारण त्या आखूड दिवसाच्या खोलीचा दिवा हाताने बंद करायचा असे. वहिनींशिवायच्या त्या घरात त्याची संध्याकाळ एकट्याने जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून दिवा आपोआप बंद करणारा टायमर आणला, स्टुलावर चढून स्वतः बसवला आणि जादूगारासारखा वाकून सलाम केला. तो हसला. दुसऱ्या दिवशी बैठकीत बसून राहिला, पण चुळबुळत. तिसऱ्या दिवशी पुन्हा उठून गेला. मी चिडून मागोमाग त्याच्या घरी. बघतो तर बंद खोलीच्या दाराबाहेर, फरशीवर, भिंतीला टेकून बसलेला.

“काहून गा, टायमर बिघडला का?”

“नाही. बरोबर चालून राहिला.” मग बंद दाराकडे मान वळवून म्हणाला, “पण मंग मी घरी कशाले येऊ?”

मी स्टूल ओढलं, चढलो आणि टायमर काढून घेतला. त्याने खालून स्टूल धरून ठेवलं होतं.

हॅमस्टर त्याच्या मुलीने कॉलेजला दिले. बैठक चालू आहे. मी हातवारे करतो, आवाज काढतो, मंडळी हसतात. ऊन उतरू लागलं की मात्र बाकावरचे सगळे, कुणी काही न सांगता, पाय आत ओढून घेतात, त्याला दाराकडे जायला जागा व्हावी म्हणून. मी गोष्ट थांबवतो. कोणी उठत नाही. मग हळूहळू एकेकाचे पाय पुन्हा पसरतात...