उमरेड रोडवरचा इंग्रजीचा तास

दहावीच्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण उमरेड रोडवरच्या आमच्या गावाहून रोज बसनं नागपूरला शाळेत जायचो. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. साडेनऊची बस उमरेडहूनच भरून यायची, त्यामुळे बसायला जागा मिळायची नाही. पुढच्या दाराजवळ कंडक्टरच्या सीटला टेकून आम्ही उभ्या राहायचो आणि शाळा येईपर्यंत पाठांतर करायचो.

आमच्या फेरीला कंडक्टर एक बाई होत्या. चाळिशीच्या, उंच, आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूसही पास काढून हातात धरायचा. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. त्या आमच्याशी "पास दाखव वं" आणि "आत सरक वं" याच्यापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या.

त्या आठवड्यात इंग्रजीची चाचणी होती. माझ्या मैत्रिणीचं पाठांतर जबरदस्त. डोळे मिटून ती गाइडमधलं उत्तर एका दमात म्हणायची, स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचे. माझं मात्र दुसऱ्या ओळीतच अडायचं. ती म्हणायची, मी चुकायचे, ती परत म्हणायची. असं चार-पाच वेळा झालं, तशा ताई वैतागून म्हणाल्या, "काय बडबड करून राहिल्या वं सकाळपासून? कशाची गोष्ट हाय ते?"

मी सांगितली. थंड मुलुखातलं एक तळं. तळ्याच्या दोन काठांवर दोन बहिणींची घरं. तरुणपणी दोघींचं भांडण झालं आणि बोलणं बंद झालं ते कायमचं. थोरली रोज सकाळी खिडकीतून पाहते, तर पलीकडे धाकटीच्या घरावर धूर दिसतो. अशी वर्षं जातात. एका हिवाळ्यात सकाळी धूर दिसत नाही. तळं गोठलेलं असतं. थोरली बर्फावरून चालत पलीकडे जाते आणि धाकटीच्या दारावर हात ठेवते.

"मंग?"

"मग काही नाही. संपली गोष्ट."

"दार उघडलं का नाही?"

"ते लिहिलंच नाही, ताई."

"अशी कशी संपते? पान उलट बरं."

मी पान उलटून दाखवलं. तिथं प्रश्न होते. ताईंनी पुस्तकाकडे असं पाहिलं, जसं काही कुणी त्यांना अर्ध्या रस्त्यात गाडीतून उतरवलं असावं. मैत्रिणीनं त्यांची समजूत घालायला गाइडचं उत्तर मराठीत सांगितलं, की अहंकारापेक्षा क्षमा मोठी, हा या कथेचा संदेश आहे. ताई म्हणाल्या, "ते राहू दे. दाराचं सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच ताईंनी विचारलं, "ते धाकटी एकटीच राहे ना घरात?"

"हो."

"मंग रोज सकाळी तिले एवढा धूर कायले लागे? काल सैपाक करता करता माझ्या डोक्यात तेच होतं. पुस्तकात पाहून सांग."

मी धडा काढला. गाडी हलत होती, अक्षरं नाचत होती, तरी मी ते वाक्य शोधून काढलं. त्यावर मी पेन्सिलनं शब्दांचे अर्थ लिहिले होते आणि पुढे गेले होते. वाक्य एवढंच होतं, की उन्हाळ्यात गावातली बाकी माणसं चूल न पेटवता काहीबाही खाऊन कामाला जायची, तेव्हासुद्धा त्या घरावर ठरल्या वेळेला धूर दिसायचा.

ताईंनी तिकिटांचं मशीन मांडीवर ठेवलं. "उन्हाळ्यातबी? एकटी बाई, गरमी, आन् तरी चूल पेटवते? अवं, ते सैपाकासाठी पेटवतच नव्हती. तिले माहीत होतं, मोठी पाहून राहिली म्हणून. मी हाय, जित्ती हाय, एवढं सांगत होती तिले."

भांडणानंतर दोघी बोलत नव्हत्या असं मी धरून चालले होते. त्या तर रोज बोलत होत्या! "अगं हो!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की अर्धी बस आमच्याकडे पाहायला लागली.

मग काय, ज्याला-त्याला गोष्ट सांगावी लागली. कोळशाच्या खाणीतून पाळी संपवून निघालेले एक काका होते, ते म्हणाले, "गेली असन बिचारी. थंडीत म्हाताऱ्या माणसाचं काय खरं." त्यांच्या मागची, मांडीवर भाजीची टोपली घेतलेली बाई म्हणाली, "काहीच्या काही! लाकडं सरली असतीन." कुणी म्हणालं, चूक थोरलीचीच, एवढी वर्षं काहून नाही गेली? कुणी म्हणालं, भांडण कशावरून झालं ते आधी सांगा. ते पुस्तकात नव्हतंच.

या गलक्यात माझी मैत्रीण धड्याचं शेवटचं पान पुन्हा वाचत होती. तिच्या हातातलं गाइड बंद होतं. एकदम ती म्हणाली, "तिनं मुद्दाम नाही पेटवली."

"काय?"

"धाकटीनं त्या दिवशी मुद्दाम चूल पेटवली नाही. धूर नाही दिसला तर थोरली येईल, हे तिला माहीत होतं. तिला बोलवायचं होतं."

मग खाणीवाले काका "वा वा वा!" म्हणत हसायला लागले, टोपलीवाली बाई म्हणाली, "हे बरोबर हाय," आणि ताईंनी मैत्रिणीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती माझ्यावर येऊन पडली. पाठ केल्याशिवाय ती इंग्रजीच्या धड्याबद्दल पहिल्यांदाच काही बोलली होती. तिचे कान लाल झाले होते. बसमधून उतरल्यावर शाळेपर्यंत आम्ही दोघी चाललोच नाही, पळत गेलो.

चाचणीत नेमका तोच प्रश्न आला, कथेत धुराचं महत्त्व काय. मी गाइड सोडलं आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत उन्हाळ्याचं वाक्य आणि त्यामागचं कारण लिहिलं. मैत्रिणीनंही स्वतःचं उत्तर लिहिलं. पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा मात्र दोघींनी आधी गाइड उघडलं. गाइडमध्ये नसलेलं उत्तर लिहायची आमच्या वर्गात पद्धत नव्हती.

इंग्रजीचे सर तसे भले माणूस. धडा वाचायचे, ओळीओळीचं मराठी सांगायचे, फळ्यावर उत्तरं लिहून द्यायचे. पेपर वाटताना त्यांनी आम्हा दोघींना उभं केलं.

"हे कुठल्या गाइडमधलं आहे?"

"गाइडमधलं नाही, सर," मी म्हटलं. "बसमधलं आहे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "कुठलं वाक्य म्हणता तुम्ही?" असं विचारून त्यांनी आपलं पुस्तक उघडलं आणि ते वाक्य मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, मग टेबलाच्या कडेवर टेकले. "सहा वर्षं झाली मी हा धडा शिकवून राहिलो," ते म्हणाले, "आणि दर वेळी या वाक्याचं मराठी सांगून पुढे जातो." त्यांनी आम्हाला बसमधली सगळी हकिकत सांगायला लावली. खाणीवाले काका, टोपलीवाली बाई, सगळी. ऐकताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की सांगता सांगता आम्हीच एकमेकींचं वाक्य तोडत होतो. दोघींना चारपैकी तीन-तीन गुण मिळाले. एक स्पेलिंगचा कापला होता. मग ते वर्गाला म्हणाले, "पुढची कविता मी समजावणार नाही. तुमची तुम्ही वाचा. आणि तुम्ही दोघी, बसमध्ये विचारून या."

कविता आठ ओळींची होती, शब्दही सोपे होते. मी ताईंना मराठीत सांगितली. एक माणूस म्हणतो, दुपार आता सरळ माझ्या बाकावर येऊन बसते. पाखरांनी पत्ता बदलला. टपालवाला आता माझ्याकडे टेकत नाही. भिंतीवर माझी एकट्याचीच सावली पडते.

"मंग याच्यात झालं काय?" ताई म्हणाल्या.

"काही नाही झालं. कविता आहे."

"बहिणींचं बरं होतं," ताई म्हणाल्या.

तरी सोडली नाही त्यांनी. तीन दिवस रोज आम्ही ती वाचत होतो. खाणीवाले काका म्हणाले, बायको वारली असन त्याची. पण मग पाखरांचं काय? मैत्रीण म्हणाली, तो म्हातारा झालाय. पण मग दुपार बाकावर का येऊन बसते? आधी कुठं बसायची? एका ओळीला लागू पडणारा अर्थ दुसऱ्या ओळीला अडायचा, आणि जितका अडायचा तितकी आमची खुमखुमी वाढायची. गावातून निघताना मी मनात तीच म्हणत असायचे.

चौथ्या दिवशी एका फाट्यावर माणसं चढत होती. मी पुन्हा पहिली ओळ सांगत होते. ड्रायव्हरकाका वर्षभरात आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवूनच मान वळवली आणि म्हणाले, "झाड तोडलं न त्याच्या बाकावरचं."

"कुठलं झाड?" मी विचारलं.

"सावली गेली. मंग दुपार येनच बाकावर. पाखरं जातीनच. टपालवाला उन्हात कायले टेकते?" त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "इथं रस्ता रुंद केला तेव्हा झाडं गेली. पयले मी गाडी सावलीत उभी करत होतो. मले समजते ते."

मी घाईघाईनं कवितेवर बोट फिरवलं. आठच्या आठ ओळी पाहिल्या. झाड हा शब्द कुठंच नव्हता! पान नाही, फांदी नाही, काही नाही. झाड जसं त्या माणसाच्या दारातून गेलं होतं, तसं कवितेतूनही गेलं होतं. मी हे ओरडूनच सांगितलं. मैत्रिणीनं पुस्तक हिसकून स्वतः पाहिलं आणि तीही ओरडली.

"मंग सरळ लिहाले काय झालं होतं त्याले, झाड तोडलं म्हणून?" ताई म्हणाल्या.

मैत्रीण म्हणाली, "तसं लिहिलं असतं तर आपण तीन दिवस शोधलं असतं का, ताई?"

ताई हसल्या आणि डबल बेल मारली. ड्रायव्हरकाका काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं गाडी चालवायला लागले, पण पुढच्या गतिरोधकापर्यंत गुणगुणत होते.

सर शाळेच्या फाटकात स्कूटर लावत होते. हेल्मेट काढायच्या आधीच आम्ही त्यांना गाठलं आणि दोघी एकदम बोलायला लागलो. त्यांना काही कळेना. शेवटी मैत्रिणीनं एकटीनं सांगितलं. सर हेल्मेट न काढताच खिशातून कवितेची झेरॉक्स काढून वाचायला लागले. "मी समजत होतो म्हातारपण," ते म्हणाले. "ड्रायव्हरनं सांगितलं? खरंच ड्रायव्हरनं?" त्या दिवशी त्यांनी घंटा होण्याची वाट पाहिली नाही, तिथंच चार पोरं गोळा करून कविता वाचली.

दिवाळीनंतर ताईंची ड्युटी दुसऱ्या मार्गावर गेली. नवीन कंडक्टर चांगले होते, पण बसमध्ये गोष्टी सांगायची कुणी हिंमत केली नाही. बोर्डात मला इंग्रजीत फार मोठे गुण मिळाले नाहीत. व्याकरणानं नेहमीसारखा दगा दिला. मैत्रीण आता नर्स आहे. पेशंट न बोलता काय सांगतो ते ओळखायला आपण बसमध्ये शिकलो, असं ती म्हणते.

दहावीची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात मी काही कारण नसताना नागपूरला गेले. सीताबर्डीला फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. त्यातलं एक इंग्रजी गोष्टींचं पुस्तक मी उचललं. पुठ्ठा निघालेला, कुणाच्या अभ्यासाला नसलेलं. पहिलं वाक्य समजलं. दुसऱ्यात एक शब्द अडला, तो सोडला, पुढे गेले. एक माणूस स्टेशनवर उतरतो आणि त्याला न्यायला आलेली मुलगी त्याला ओळखतच नाही. का ओळखत नाही? डोक्यावर ऊन तापत होतं, मागून रिक्षा हॉर्न वाजवत होती, आणि मी पुढची ओळ वाचत होते.

पुस्तकवाले काका म्हणाले, "घ्याचं हाय का वं, का उभ्या उभ्याच वाचून काढतं?"

"घेते," मी म्हटलं. "एवढं पान होऊ द्या."