सातकर सरांचं ग्राफिक्स कार्ड

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांचे डबे उघडायचे, तेव्हा सातकर सर मोबाइलवर ग्राफिक्स कार्डांची तुलना बघत बसलेले असायचे. डबा शेजारी तसाच. मध्येच आठवण झाली की पोळीचा तुकडा मोडायचे आणि तो हातातच धरून पुढचा आलेख बघायचे. लोणावळ्यातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे, मी मराठी. त्यांची खुर्ची माझ्या शेजारची, त्यामुळे ज्या विषयाशी माझा काडीचा संबंध नव्हता तो मला बसल्या जागी कळत गेला. कॉम्प्युटरवर गेम खेळताना पडद्यावर जी चित्रं धावतात ती तयार करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. तो चांगला असला की चित्रं भराभर आणि सलग येतात, नसला की अडखळतात. एवढं मला लवकर समजलं. पन्नाशीतला, इतका दमलेला माणूस त्यात एवढा का गुंततो, हे मात्र बरेच दिवस समजलं नाही.

दमलेला म्हणजे खरोखर दमलेला. सर कधी उशिरा आले नाहीत, मुलांवर कधी ओरडले नाहीत. पण जिना चढून आले की टेबलावर हात टेकून थोडा वेळ नुसते उभे राहायचे. कोणी "कसं काय सर?" विचारलं की म्हणायचे, "मधल्यात." हा त्यांचा शब्द. कार्डांच्या बाबतीतही तोच. "वरचं परवडत नाही, खालचं पुरत नाही. आपला सगळा जन्म मधल्यात चाललाय मॅडम."

हळूहळू लोक त्यांना विचारायला येऊ लागले. आधी विद्यार्थी, मग विद्यार्थ्यांचे बाप. पवना धरणाकडच्या एका गावातून आलेले एक गृहस्थ मला चांगले आठवतात. स्टाफरूमच्या दारात चपला काढून ते आत आले आणि म्हणाले, "सर, पोरगं म्हंतंय ह्येच कार्ड पायजे. दुकानदार म्हंतो त्ये घ्या. मला तर दोनी खोकी सारकीच दिसत्यात."

सरांनी त्यांना खुर्ची दिली. "भाऊ, घरी स्क्रीन केवढी आहे?"

त्यांनी हात पसरून दाखवली.

"मग दुकानदाराचं महागडं नको. त्या स्क्रीनवर त्याचा फरक दिसणारच नाही. मुलगा म्हणतो ते घ्या. आणि तुमच्याकडे लाइट सारखी जाते का?"

"व्हय, लय."

"मग त्याच्या आधी चांगला यूपीएस घ्या. नाहीतर कोणतंही कार्ड जळेल."

ते गृहस्थ गेल्यावर मी म्हटलं, "सर, तुम्ही एखादं दुकानच का काढत नाही?" ते म्हणाले, "दुकानात सरासरी सांगावी लागते. अमुक गेममध्ये सेकंदाला सरासरी एवढी चित्रं. मला सरासरीशी काही देणंघेणं नाही. गर्दीच्या ठिकाणी, वळणावर, सगळ्यात वाईट वेळेला ते कार्ड किती खाली येतं, तेवढंच मी बघतो." हे बोलताना ते मोबाइलकडे बघत होते, पण त्यांचं लक्ष मोबाइलमध्ये नव्हतं.

एका शनिवारी कॉलेज सुटताना ते माझ्यापाशी आले. त्यांच्या हातात दोन खोकी होती, दोन माजी विद्यार्थ्यांकडून एका दिवसापुरती मागून आणलेली कार्डं. त्यांची पाठ धरली होती. "मॅडम, लोकलनं कान्ह्याला माझ्या घरापर्यंत एक खोकं धराल का? चहा घेऊन लगेच परत जा." कान्हे स्टेशनपासून त्यांचं घर पायी जाण्याइतकंच लांब होतं. मी पुढच्या खोलीत शिरले आणि सरांची पाठ कशानं धरली ते मला समजलं.

खिडकीशी चाकाच्या खुर्चीत त्यांचा धाकटा भाऊ दीपक बसला होता. खंडाळ्याच्या एका हॉटेलात तो पर्यटकांची गाडी चालवायचा. घाटातल्या अपघातात गाडी उलटली आणि कमरेखालचं सगळं गेलं. बायको वर्षभरानं माहेरी गेली ती आलीच नाही. आई थकलेली. त्याला उचलणं, अंघोळ घालणं, रात्री पुन्हा पुन्हा उठून कूस बदलणं, सगळं सर करत होते. स्टाफरूममध्ये कोणालाच ते माहीत नव्हतं.

दीपकच्या पुढ्यात टेबलाला स्टिअरिंग बसवलेलं होतं. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक हातानं दाबता येतील अशी व्यवस्था सरांनी करून घेतली होती. गाड्या पळवायचा गेम. जुन्या कार्डावर वळणाच्या ऐन तोंडाशी चित्र गोठायचं, आणि दीपकचे हात थरथरायला लागायचे. एकदा तर त्याला उलटी झाली होती. "घाटात पण असंच झालतं," तो मला शांतपणे म्हणाला. "वळण दिसलं, आन् मग कायच दिसलं न्हाई."

सरांनी पहिलं कार्ड बसवलं, मग दुसरं. कोणतं कुठलं ते भावाला सांगितलं नाही. एक नव्या पद्धतीचं होतं, दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये आपल्या मनानं एक चित्र घालणारं. दुसरं थोडं जुनं, पण त्याची मेमरी जास्त. दोन्ही मधल्याच किमतीतली. दीपकनं दोन्हींवर तोच डोंगरातला रस्ता चालवला. सर त्याच्यामागे उभे होते. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, भावाच्या मनगटांकडे पाहत होते.

"दादा, ह्ये पैलं लय गुळगुळीत हाय. पण माझ्या हाताचं ऐकत न्हाई. मी वळवतो आन् ते मागनं वळतं."

"आणि दुसरं?"

"दुसरं एवढं देखणं न्हाई. पण ते माझ्याबरोबर हाय."

सर खुर्चीत बसले. "झालं मग," म्हणाले. इतके महिने चाललेली तुलना तिथे संपली. त्यांच्या आईनं चहा आणला. कपात साखर जास्त पडली होती, तरी सगळ्यांनी तो संपवला.

ते कार्ड घेतल्यावर दीपक लांबलांबच्या पोरांशी शर्यती लावू लागला. सर स्टाफरूममध्ये डबा खाऊ लागले. "काल तिसरा आला," असं एखाद्या दिवशी मला सांगायचे. "म्हणतो, तिथं मला कोणी 'अपघात कसा झाला' विचारत नाही." सरांना हसताना मी त्याच काळात पाहिलं.

हे जेमतेम दोन हिवाळे चाललं. दुसऱ्या हिवाळ्यात दीपकला ताप आला. अशा रुग्णांच्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग होतो, तसा झाला. तळेगावच्या दवाखान्यात आठवडाभर होता. तिथेच गेला.

सर दिवसकार्य आटोपून कामावर आले. शिकवणं पूर्वीसारखंच. मोबाइल मात्र खिशातच राहू लागला. एकदा बारावीतला एक मुलगा दारात येऊन विचारू लागला, सर, या दोन कार्डांतलं कोणतं घेऊ? सरांनी दोन्ही नावं नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "बाळ, आता मला नवीन काही माहीत नाही." मुलाला वाटलं सर टाळताहेत. सर टाळत नव्हते. त्यांनी बघणंच सोडलं होतं.

मार्चमध्ये ते सलग काही दिवस आले नाहीत. फोनही लागेना, म्हणून एका दुपारी मी कान्ह्याला उतरले. दार उघडं होतं. पुढच्या खोलीत टेबलावर जुनी साडी पांघरलेली, चाकाची खुर्ची घडी घालून भिंतीला टेकवलेली. आई उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, सर बरे आहेत ना? फोन लागत नाहीये."

"बरा हाय. मीच बंद करून ठिवलाय." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. पडद्याआडून कॉटवर वळलेली सरांची पाठ दिसत होती. दुपारचं ऊन पायांवर आलं होतं, तरी ते हलले नव्हते.

मी आत जायला निघाले तशी त्यांनी माझा हात धरला.

"नगा उठवू बाई," त्या म्हणाल्या. "लय वर्सांनी झोपलाय."